गाणं सुचवताना या चुका टाळा

"काकू, तुम्ही पाठवलेलं ऐकलं. छान होतं." आमच्या इमारतीतला एक मुलगा लिफ्टमध्ये भेटला की एवढं म्हणायचा. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मी विचारलं, "कुठपर्यंत ऐकलंस?" तो जरा घुटमळला. "खरं सांगू? मुलुंड गेलं तरी काही सुरूच झालं नव्हतं. मग बदललं."

मी त्याला यमन रागाची सावकाश आलापी, म्हणजे राग हळूहळू उलगडत नेणारं गाणं, पाठवली होती, रात्री घरातले आवाज निवल्यावर ऐकायची. तो ती सकाळच्या स्लो लोकलमध्ये दाराशी उभा राहून, साध्या इयरफोनवर ऐकत होता. रुळांच्या खडखडाटात तानपुरा त्याच्या कानापर्यंत पोचलाच नाही. गाणं नावडण्याचा प्रश्नच नव्हता, ते त्याला ऐकूच आलं नव्हतं.

ठाण्यात, नौपाड्यात आमच्या घरी महिन्यातून एकदा दहा-बारा जण गाणं ऐकायला जमतात. शिवाय ज्यांना हवं असतं त्यांना मी आठवड्याला एक गाणं सुचवते. चांगलं गाणं चुकीच्या वेळी, चुकीच्या रीतीने पुढे केलं की माणूस "हे आपल्याला झेपत नाही" म्हणतो आणि मग वर्षानुवर्षं तिकडे फिरकत नाही. याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून हे लिहिते आहे.

ऐकणारा कुठे बसलाय, हे न विचारणं

सगळ्यात जास्त गाणी इथेच वाया जातात. ख्यालाच्या, म्हणजे एखाद्या रागाच्या विस्तारलेल्या गायनाच्या, सुरुवातीचा आलाप अगदी हलका असतो आणि शेवटच्या ताना, म्हणजे वेगाने घेतलेल्या स्वरांच्या माळा, त्याच्या कितीतरी पट मोठ्या. शांत खोलीत हाच चढउतार आनंद देतो. गाडीत मात्र हलका भाग बुडतो, माणूस आवाज वाढवत नेतो आणि पुढे ताना कानावर आदळतात. हे कानांनाही बरं नाही. ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक, त्यापुढे जपावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आवाज वाढला की हे तास झपाट्याने कमी होतात. कानात घट्ट बसणारे इयरफोन घेतले तर बाहेरचा गोंगाट कमी होतो आणि आवाज वाढवायची वेळ येत नाही.

प्रवासासाठी आवाजाची पातळी फारशी न बदलणारं काहीतरी द्या. द्रुत म्हणजे जलद लयीतली बंदिश, नाट्यपद, लावणी, ढोलकी. आलापी रविवारी सकाळसाठी ठेवा आणि तसं स्पष्ट सांगा.

त्या मुलाला मी मग त्याच्या आवडीबद्दल विचारलं. रॅप ऐकतो म्हणाला. त्याला तबल्याचं एकलवादन पाठवलं, ज्यात वादक आधी तोंडाने बोल म्हणून दाखवतो (त्याला पढंत म्हणतात) आणि मग तेच हाताने वाजवतो. सोबत एकच ओळ लिहिली, "पढंत नीट ऐक, शब्द कसे फेकलेत ते बघ." दुसऱ्या दिवशी लिफ्टचं दार उघडायच्या आत म्हणाला, "काकू, घाटकोपर कधी आलं कळलंच नाही!" त्याच्याच वाटेने चार पावलं चालले, एवढंच.

आपल्याला सर्वात प्रिय आहे तेच आधी देणं

मी स्वतः बरीच वर्षं हे केलं. पन्नास मिनिटांचा विलंबित म्हणजे संथ लयीतला ख्याल, तोही मोठ्या कौतुकाने. ज्याने आयुष्यात ख्याल ऐकला नाही त्याला एकतालाच्या बारा मात्रांच्या एका संथ आवर्तनातच आपण हरवलो असं वाटतं.

यावरचा उपाय जुन्या ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकड्यांमध्ये आहे. एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावायची. मैफलीत तासभर गाणाऱ्यांना तेवढ्यात राग उभा करावा लागे, त्यामुळे त्यात पाल्हाळाला जागाच नाही. सूरश्री केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीवर आहे. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्याकडे केवळ पत्नीला सोडायला यायचे आणि तळ्यावर चक्कर मारायला जायचे. एकदा पाऊस होता म्हणून थांबले. मी हीच भैरवी लावली आणि सगळ्यांना म्हटलं, रागाचं मनात आणू नका, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली असं वाटेल तिथे मांडीवर हात मारा. पहिल्यांदा त्यांचा हात दोनदा चुकला. संपल्यावर म्हणाले, "परत लावता का?" दुसऱ्या वेळी हात बरोबर पडला तेव्हाचा त्यांचा चेहरा मला अजून दिसतो.

गाण्यासोबत अशी एक खूण द्यावी. "अप्रतिम", "स्वर्गीय", "अंगावर काटा" या शब्दांनी ऐकणाऱ्यावर फक्त दडपण येतं. "अंतरा संपल्यावर सारंगी एकटी उरते, तिथे थांब" असं लिहिलं तर त्याला काहीतरी शोधायला मिळतं.

आणि ढीग देऊ नका. चाळीस गाण्यांची यादी पाठवली तर समोरचा तिसऱ्यावर थांबतो. एक द्या.

नावं गाळणं, चुकीची सांगणं

आपल्याकडे गाणं गायकाच्या नावावर जमा होतं. पी. सावळाराम आमच्या ठाण्याचे, या शहराचे नगराध्यक्षही होते. त्यांचे शब्द, वसंत प्रभूंची चाल आणि लता मंगेशकरांचा आवाज अशी कितीतरी गाणी घराघरांत आहेत, पण पुढे पाठवताना पहिली दोन नावं गळतात. गीत, संगीत, स्वर, तिन्ही लिहा, कारण पुढचं गाणं त्यांतूनच सापडतं. चाल आवडलेला माणूस वसंत प्रभूंच्या मागे जाईल, शब्द आवडलेला सावळारामांच्या. साथीदारांची नावं मिळाली तर तीही.

जुन्या ध्वनिमुद्रणांत आणखी एक फसगत असते. सुरुवातीच्या काळातल्या सगळ्याच तबकड्या नेमक्या ७८च्या वेगाने मुद्रित झालेल्या नव्हत्या, आणि वेग चुकला की सूरही चढतो किंवा उतरतो. इंटरनेटवर अशा चुकलेल्या प्रती पुष्कळ आहेत. मी एका बैठकीत एका गायिकेच्या उंच पट्टीचं भरभरून कौतुक केलं होतं. एका ज्येष्ठ संग्राहकांनी नंतर बाजूला घेऊन सांगितलं की ती प्रत वेगाने चाललेली आहे. पुढच्या महिन्यात मी योग्य प्रत लावून चूक सर्वांसमोर दुरुस्त केली. आवाज चिरका आणि तबला कडकड वाजतोय असं वाटलं की दुसरी एखादी प्रत शोधून ताडून बघा.

नव्या कलाकाराचं गाणं भलत्याच ठिकाणाहून देणं

स्वतंत्रपणे गाणी करणाऱ्या मुलामुलींना याचा थेट फटका बसतो. कुणीतरी उचलून पुन्हा चढवलेला व्हिडिओ पाठवू नका, कलाकाराच्या स्वतःच्या पानाचा दुवा द्या. स्पॉटिफायवर गाणं किमान ३० सेकंद वाजल्याशिवाय मोजलं जात नाही, आणि २०२४पासून बारा महिन्यांत १००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला मानधनच मिळत नाही. म्हणजे आपण दिलेल्या दुव्यावर शंभर जणांनी नीट ऐकलं तर त्या मुलीला खरंच फरक पडतो. बँडकॅम्पसारख्या ठिकाणी गाणं विकत घेता येतं, तिथल्या डिजिटल विक्रीतून ते साधारण १५ टक्के ठेवतात आणि बहुतांश पैसे करणाऱ्याला जातात.

"आवडलं का?" असं विचारणं

याला उत्तर एकच येतं, "छान होतं". माणसं मन राखतात. "कुठपर्यंत ऐकलं?" असं विचारा, आणि अर्धवट सोडलं असेल तर राग नाही हे आवाजातून कळू द्या. अर्ध्या मिनिटात सोडलं असेल तर बहुधा जागा, वेळ किंवा आवाज चुकलाय, तेच गाणं दुसऱ्या वेळी द्या. मध्यावर सोडलं असेल तर लांबी जास्त झाली, त्याच रागातलं छोटं काहीतरी शोधा. शेवटपर्यंत ऐकलं असेल तर लगेच नवा कलाकार पुढे करू नका, त्याच गायकाचं दुसरं गाणं द्या. आणि काहीच उत्तर आलं नाही तर पंधरा दिवस काही पाठवू नका.