घर भाड्याने देताय? दुसऱ्या वर्षाचा करार सांभाळा

भाडेकरू कसा निवडावा, आधार-पॅन कसं तपासावं, नोकरीच्या ठिकाणी चौकशी कशी करावी, हे तुम्ही आतापर्यंत दहा जणांकडून ऐकलं असेल. ते पुन्हा सांगत नाही. मला बोलायचंय ते करार वाढवण्याबद्दल. माझा भाड्याचा एकुलता एक फ्लॅट तिथेच अडकला होता, आणि अजूनही कराराची मुदत जवळ आली की माझ्या पोटात गोळा येतो.

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर फक्त वापरायला देण्याचा करार, ११ महिन्यांचा असो की ३ वर्षांचा, तो लेखी आणि नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ मध्ये ते स्पष्ट लिहिलंय, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी केली नाही तर ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही" हा समज १९०८ च्या केंद्रीय नोंदणी कायद्यातून आलाय. त्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. आपल्याकडे त्यावर विसंबून चालत नाही.

पहिल्या वर्षी बहुतेक लोक हे नीट करतात. मीही केलं होतं. एजंट घरी आला, दोघांचे अंगठे घेतले, ऑनलाइन नोंदणी झाली. मुदत संपताना तोच एजंट म्हणाला, "ताई, माणूस तोच, घर तेच. कशाला पुन्हा खर्च? नोटरी करून टाकू." म्हणजे नोंदणी न करता करारावर फक्त नोटरीचा शिक्का. भाडेकरूही हो म्हणाला. त्यानंतर काही महिन्यांनी भाडं थकायला लागलं. घर रिकामं करा म्हटल्यावर उत्तर आलं की तुम्ही तोंडी दोन वर्षांचा शब्द दिला होता. मी तसा शब्द कधीच दिला नव्हता. पण कलम ५५ चा पुढचा भाग असा आहे: नोंदवलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, आणि ते खोटं आहे हे सिद्ध करायचं काम तुमचं.

हे नीट समजून घ्या, कारण सगळी मेख इथेच आहे. करार नोंदवलेला असेल आणि मुदत संपूनही माणूस हलत नसेल, तर याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. तिथे लेखी करारातला मजकूर हाच निर्णायक पुरावा असतो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत भाडेकरूला बाजू मांडायची परवानगी मागावी लागते. मुदतीनंतर तो जितके दिवस राहील तितक्या दिवसांची भरपाई करारातल्या भाड्याच्या दुप्पट दराने द्यावी लागते. हे सगळं बळ त्या नोंदवलेल्या कागदात आहे. माझ्याकडचा नोंदवलेला कागद मुदत संपलेला होता, आणि त्यानंतरही मी त्याच माणसाकडून भाडं घेतलं होतं. शेवटी थकबाकीवर पाणी सोडून, तडजोड करून घर ताब्यात घेतलं.

आणि वाचवायचं होतं ते किती? २०,००० भाडं, ६०,००० अनामत, मुदत ११ महिने धरा. एकूण भाडं २,२०,०००. अनामतीवर वर्षाला १०% दराने धरलेलं व्याज ५,५००. या २,२५,५०० वर ०.२५% मुद्रांक शुल्क, म्हणजे साधारण ५६४ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंट याउपर मागतो ती त्याची मजुरी. ती द्या, पण "नोटरीत भागवू" म्हणणाऱ्या एजंटला त्याच दिवशी रामराम ठोका. माझं याबाबतीत मत पक्कं आहे. सल्ला घेताना आणखी एक बघा: ज्याचे दहा फ्लॅट आहेत त्याचा सल्ला एका फ्लॅटवाल्याने घेऊ नये. त्याचं एक घर वर्षभर अडकलं तरी त्याचे हप्ते चुकत नाहीत. तुमच्या सोसायटीत सेक्रेटरीपद भूषवलेला एखादा जुना माणूस शोधा, त्याने सगळे नमुने पाहिलेले असतात.

घाबरू मात्र नका. बहुतेक भाडेकरू सरळ असतात, वेळेवर पैसे देतात, नळ गळाला तर स्वतःच दुरुस्त करून घेतात. आताचे माझे भाडेकरू तसेच आहेत, तरीही दर वेळी करार नव्याने नोंदवतेच, आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. उलट घरभाड्याचा पुरावा म्हणून त्यांच्या ऑफिसात तोच कागद चालतो.

भाडेकरू अडून बसला तरी वीज-पाणी तोडायचं किंवा कुलूप बदलायचं मनातही आणू नका. बरोबर असूनही पोलिसांत तुमच्यावरच तक्रार जाईल.

सोसायटीने बिनभोगवटा शुल्क (स्वतः न राहता घर भाड्याने दिलं म्हणून लागणारं शुल्क) अव्वाच्या सव्वा लावलं, तर शासनाचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश दाखवा. सेवाशुल्काच्या १०% पेक्षा जास्त घेता येत नाही, आणि त्यात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. आयकरात भाड्याच्या उत्पन्नातून मालमत्ता कर वजा होतो, पण तुम्ही तो त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेला हवा. उरलेल्यावर ३०% सरसकट वजावट मिळते. रंगकामाची बिलं वेगळी दाखवता येत नाहीत, तेव्हा ती जपून ठेवली तर फक्त अनामतीच्या हिशेबापुरती.

त्या हिशेबासाठी चावी देतानाच भाडेकरूला बरोबर घेऊन घरभर फिरा. बेसिनचा तडा, गिझरचा नंबर, मीटरचं रीडिंग, सगळ्याचे फोटो काढून तिथल्या तिथे त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि "बरोबर आहे" असं उत्तर घ्या. घर सोडताना शेवटचं वीजबिल यायचं बाकी असतं, आणि मीटर तुमच्या नावावर असतो. म्हणून साधारण महिन्याच्या बिलाएवढी रक्कम अनामतीतून मागे ठेवायची, बिल आलं की फरक परत करायचा, अशी अट करारातच लिहून घ्या. आयत्या वेळी दारात उभं राहून हे सांगितलं की चांगल्या माणसाशीही खटका उडतो.