बेळगावात नवीन आहात? सायकल घेण्याआधी टायरच्या कडेवरचा आकडा वाचा

बदलीवर किंवा उद्यमबागेतल्या नोकरीसाठी बेळगावात आलेल्यांचा पहिला महिना खोली शोधण्यात जातो, दुसऱ्या महिन्यात सायकलचा विषय निघतो. टिळकवाडीतून उद्यमबाग, शहापुरातून कॅम्प, अनगोळातून खडेबाजार हे सगळं सायकलच्या टप्प्यात आहे. रविवारी राजहंसगड, नाहीतर जांबोटी. दोन्हीला एकच सायकल पुरते, फक्त दुकानात ती सगळ्यात पुढे लावलेली नसते.

पुढे असते ती जाडजूड, सस्पेन्शनवाली. ती घेऊ नका. स्वस्तातला सस्पेन्शन फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा स्प्रिंगचा चिमटा, दोन किलोंच्या वर भरतो, चढावर उभं राहून पायडल मारलं की काही जोर स्प्रिंग दाबण्यात जातो, आणि इथले दोन पावसाळे खाल्ले की आतून गंजून तो तसाही जाम होतो. खड्डे सोसायचं काम टायरमधल्या हवेला द्या. साधा फोर्क आणि ७०० बाय ३८ किंवा ४० चा, म्हणजे ३८-४० मिलिमीटर रुंद टायर. सत्तर किलोच्या माणसाने हवेचा दाब मागे ५५ आणि पुढे ४५ पीएसआय ठेवावा, सामान लादलं तर मागे पाच वाढवावा.

टायर बदलताना नवखे हमखास फसतात ते इथे. ७०० च्या मापाला अठ्ठावीस इंचीही म्हणतात, पण दुकानात जाऊन ‘अठ्ठावीसचा टायर द्या’ म्हणालात, तर दुधवाल्याच्या काळ्या सायकलचा टायर हातात पडतो. तो ६३५ मिलिमीटरच्या रिमचा. तुमची ७०० ची रिम ६२२ ची. तेरा मिलिमीटरचा फरक. टायर चढतो लगेच, पण हवा भरली की रिमवर बसत नाही, निसटतो. कडेला ‘३८-६२२’ असं छापलेलं असतं, ते दाखवून मागा.

दुसरी गोष्ट मडगार्ड. दुकानदार ‘नंतर बसवू’ म्हणतो, पण फ्रेमला मागच्या आसाजवळ आणि पुढे फोर्कला बोल्टची भोकं नसतील तर नंतर पक्कं मडगार्ड बसत नाही. टायर आणि मडगार्ड यांत करंगळी सहज फिरेल इतकी फट हवी. खानापूरकडची तांबडी माती पाण्याबरोबर वाहून जाते. येळ्ळूर-वडगावच्या भातशेतीतली काळी माती मात्र चिकटते: बांधावरून पन्नास पावलं गेलात की फटीत थर साचतो, चाक आधी घासतं, मग फिरायचंच थांबतं, आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्या वाटा सोडलेल्याच बऱ्या.

गिअर किती आहेत यापेक्षा सगळ्यात हलका गिअर किती हलका, ते बघा. पुढची लहान चक्री २८ दात्यांची आणि मागची मोठी ३४ ची असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण १.८ मीटर सरकते. राजहंसगडाचा शेवटचा चढ किंवा सामानासह आंबोली यासाठी इतकं हलकं हवंच. मागची मोठी चक्री २८ ची असेल तर तोच फेरा २.२ मीटरचा होतो, तो गुडघ्यांना कळतो. शक्यतो मागे कॅसेट घ्या, म्हणजे चाकाच्या तुंब्यावर सरकवून बसवायचा चक्र्यांचा संच. आट्यांवर फिरवून बसवायच्या फ्रीव्हीलमध्ये उजवीकडचं बेअरिंग आसाच्या टोकापासून बरंच आत राहतं, म्हणून ओझं आणि खड्डा एकत्र आले की आस वाकतो.

स्पोक मागच्या चाकाला ३६ असतील तर उत्तम, ३२ चालतील. तुटतात ते बहुधा मागचे, चक्रीच्या बाजूचे, कारण तिथे ताण जास्त. नवीन सायकलची महिन्याभरात एकदा औट काढून घ्या, म्हणजे स्पोक ताणून चाकं सरळ करून घ्या.

ब्रेक वायरचे डिस्क, १६० मिलिमीटरचे. तेलाचे डिस्क चालायला गोड, पण गल्लीतल्या दुकानात त्यांच्या तेलात शिरलेली हवा काढून मिळेलच असं नाही. रिमचे ब्रेकही वाईट नाहीत, स्वस्त आहेत, रबर कुठेही मिळतं. पण चिखलात रिम घासली जाते आणि चोर्ला घाट उतरताना ती तापते. डिस्क घेताना मागचा कॅलिपर, म्हणजे डिस्क आवळणारा भाग, फ्रेमच्या त्रिकोणाच्या आत आहे ना ते बघा. बाहेर असेल तर कॅरिअरची दांडी त्याच्यावर येते आणि ती वाकवून बसवायचे उद्योग सुरू होतात.

माप घेताना दोन्ही पाय टेकून दांडीवर उभे राहा, मध्ये दोन-तीन सेंटिमीटर मोकळे हवेत. मग सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवा: पाय ताठ झाला, पण कंबर कलली नाही, तर उंची बरोबर.

पंक्चरवाला सगळीकडे आहे. मराठी कळते, आणि खानापूरच्या पुढे किंवा गोकाककडे गेलात तर ‘गाळी हाक्री’ एवढं कन्नड पुरतं, म्हणजे हवा भरा. अडचण व्हॉल्व्हची. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर त्याच्या पंपाचं तोंड बसत नाही. पितळेचं छोटं अडॅप्टर किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवून ठेवा. त्यापेक्षा मोटरसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हची ट्यूब आणि तशीच रिम घेणं सोपं.

टिळकवाडीतल्या रेल्वे गेटवर रूळ काटकोनातच ओलांडा, भिजलेल्या लोखंडावर तिरकं चाक घसरतं. आणि निपाणी-संकेश्वरकडे उसाच्या हंगामात अंधार पडल्यावर जाऊच नका. जावंच लागलं तर मागे लाल दिवा आणि रिफ्लेक्टर दोन्ही लावा, पुढचा दिवा थोडा खाली वळवा. उसाच्या ट्रॅक्टरमागच्या डबल ट्रॉलीला मागे दिवा असतोच असं नाही. बंद पडून उभी असेल तर दिसते ती फक्त लोंबणाऱ्या वाड्याची, म्हणजे उसाच्या शेंड्याकडच्या पाल्याची कड.