करेज्म, शिगमो आणि हुर्राक: फाल्गुनात सगळ्यांना जेवायला बोलवायचं कसं

फेब्रुवारी सरत आला की आमच्या गोव्यात सकाळी फोंड्याच्या वाटेवर अजून धुकं असतं, आंब्याला मोहर, सावर लालभडक, आणि अकरा वाजले की घाम. कार्निव्हल नुकताच संपलेला, शिगमोच्या, म्हणजे आमच्या होळीच्या दिवसांतल्या उत्सवाच्या, ढोलताशांचा सराव चालू, त्यात मुंजी, बारशी, कुणाची घरभरणी. आणि अर्ध्या मैत्रिणींचा करेज्म, म्हणजे ख्रिश्चनांचा ईस्टरच्या आधीचा उपासाचा काळ. माझी यात दोन-तीन वर्षं फजिती झाली, म्हणून लिहितेय.

पहिल्या वर्षी मी शेजारच्या आंटीला हौसेने चिकन शागोती खायला बोलावलं. ती आली, झाकण उघडून बघितलं आणि हसून म्हणाली, "आयज सुक्रार मगो!" (आज शुक्रवार ना गं!) मग घरातल्या लोणच्यावर आणि सोलकढीवर जेवली बिचारी.

तर आधी कॅलेंडर घ्या. 2026चंच बघा: राखेचा बुधवार, म्हणजे करेज्माचा पहिला दिवस, 18 फेब्रुवारीला, रोजेही त्याच आठवड्यात सुरू, होळी मार्चच्या पहिल्या आठवड्यात, पाडवा 19 मार्च, ईस्टर 5 एप्रिल. दरवर्षी तारखा हलतात, त्यामुळे गेल्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका. करेज्माचे 40 दिवस म्हणतात पण मधले रविवार त्यात धरत नाहीत, राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर 46 होतात. म्हणून बोलवायचं असेल तर रविवार दुपार सगळ्यात सोयीची, तरी विचारून घ्या, कारण काही जण मांस किंवा दारू थेट ईस्टरपर्यंत सोडतात, रविवारीही नाही.

शुक्रवारी मांस नाही पण मासे चालतात. राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला मात्र मोठ्या माणसांचा उपास असतो, एकच पोटभर जेवण, त्या दोन दिवशी आमंत्रण देऊच नका. आणि आपल्या हिंदूंच्या बाजूला कुणाचा सोमवार शिवराक (शाकाहारी), कुणाचा गुरुवार. एवढं सगळं जुळवत बसण्यापेक्षा मी आता सरळ शिवराकच करते, बिब्ब्यांची भाजी (ओले काजूगर याच दिवसांत मिळतात, महाग पडतात, पण पाहुण्यांसाठी काय बघायचं), खतखतं (मिसळीची भाजी), अळसांद्यांचं (चवळीचं) तोणाक म्हणजे रस्सा, कैरी घालून काहीतरी आंबट. अजून कुणी तक्रार केलेली नाही.

आता खरी पंचाईत, हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांच्या आंबवलेल्या रसाची दारू! काजूचा हंगाम आणि करेज्म एकाच वेळी येतात, म्हणजे ज्याने दारू सोडलीय त्याच्यासमोरच वर्षातली पहिली धार. अशा माणसाला "एक घोट घे रे, कोण बघतंय" असं म्हणू नका, फार वाईट वाटतं ते. त्यापेक्षा नीरो आणा, काजूच्या बोंडांचा न आंबलेला रस. पण सकाळी आणून त्याच दिवशी संपवा, उन्हात लगेच आंबतो आणि मग ज्यासाठी आणला त्यालाच देता येत नाही.

एक गोष्ट मात्र मी करेज्म पाळणाऱ्यांकडूनच उचलली. आंटी करेज्मात शुक्रवारी संध्याकाळी कुठे जात नाही, चर्चला जाऊन परत घरी, बस. मला आधी वाटायचं काय हे, शिगमोची मिरवणूक सोडून घरात बसायचं. मग एका मार्चमध्ये मी तेरा दिवसांत नऊ घरी जेवले आणि एकाही घरी धड बोलले नाही, नुसती साडी आणि गिफ्ट. तेव्हापासून फाल्गुनातले शुक्रवार मी रिकामे ठेवते. कारण सांगत नाही, "शुक्रवारी जमत नाही" इतकंच, गोव्यात त्यावर कोणी पुढे विचारत नाही कारण प्रत्येकाचा कसला ना कसला वार असतोच! गॅलरीत बसते, खाली कोणीतरी घुमट वाजवत असतं, आणि मला उठायचं नसतं.

अजून एक, पाम संडेच्या (ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या) आधीच्या सोमवारी गोंय वेल्हाला संतांची मिरवणूक असते, त्या संध्याकाळी पणजी-मडगाव रस्त्याने कुठे जेवायला जायचं असेल तर लवकर निघा. आणि करेज्मात ख्रिश्चन लग्नं सहसा होत नाहीत, ती सगळी ईस्टरनंतर एकदम येतात, तेव्हा पाडव्यालाच बसून ईस्टरनंतरचे शनिवार-रविवार लिहून काढा, आणि ब्लाऊज आत्ताच शिवायला टाका, नंतर टेलर फोन उचलत नाही.