कारच्या लेदर सीटला घरी रंग देताय? या चुका टाळा

घरी रंगवलेल्या लेदर सीटची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. पहिले काही दिवस सीट नवीकोरी दिसते, मग ड्रायव्हर चढता-उतरता जिथे घासतो त्या कडेला पोपडे निघायला लागतात. खापर फुटतं रंगावर. खरा दोष मात्र रंगाच्या खाली असतो: आजवर त्या सीटवर जे जे चोपडलं गेलं, त्याच्यात.

मुळात सीट लेदरची आहे का, हे आधी बघा. आपल्याकडे ‘लेदर सीट’ म्हणून मिरवणाऱ्या कित्येक गाड्यांत रेक्झिनच असतं, म्हणजे पीव्हीसी किंवा पीयू या प्लॅस्टिकचा थर दिलेलं कापड. खऱ्या लेदरच्या गाडीतही पुष्कळदा बसायचा आणि टेकायचा भाग तेवढा कातड्याचा, बाजू आणि पाठ रेक्झिनची. सीटच्या खालची कच्ची कड उलटून पाहा. मागे कापडाची वीण दिसली तर रेक्झिन, लवदार तंतू दिसले तर बहुधा कातडं. पीयूचा थर दमट हवेत काही वर्षांनी आपोआप विरतो. मुंबई-कोकणातल्या जुन्या गाड्यांत पँटला पापुद्रे चिकटतात ते यामुळेच. तिथे कुठलाही रंग टिकणार नाही. ते पैसे सरळ कुशनवाल्याला द्या.

तेल आणि पॉलिश: निम्मं काम इथेच बिघडतं

‘कातडं कोरडं पडलंय, तेल लाव’ हा सल्ला कोल्हापुरी चपलेला लागू आहे. ते कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, वर लेप नसतो, म्हणून तेल पितं. गाडीचं कातडं बऱ्याचदा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. त्यावर रंगाचा थर आणि रंगावर पारदर्शक टॉपकोट असतो. पाण्याचा एक थेंब टाकून बघा. थेंब तसाच उभा राहिला तर लेप शाबूत आहे. मुरून तिथला रंग गडद झाला तर लेप गेलेला आहे, किंवा ते कातडं मुळात बिनलेपाचं आहे. शाबूत लेपावर खोबरेल नुसतं बसून राहतं, धूळ धरतं, भेगांतून आत शिरतं आणि पुढे रंगाला चिकटू देत नाही.

डॅशबोर्ड पॉलिशमधलं सिलिकॉन त्याहून वाईट. रंग फिरवला की तो जागोजागी फाकतो आणि बारीक गोल खड्डे पडतात. पेंटर याला ‘फिश आय’ म्हणतात. त्यावर आणखी रंग देऊन खड्डे बुजत नाहीत. पुसून पुन्हा सफाईपासून सुरुवात करावी लागते.

सफाई म्हणजे आधी लेदर क्लीनर आणि मऊ ब्रश, मग पांढऱ्या सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल. कापडाची घडी बदलत राहा. थोडा जुना रंग कापडावर येईल, त्याची काळजी नको. मळकट तेलकटपणा येणं थांबेपर्यंत पुसायचं आहे. थिनर किंवा ॲसिटोन वापरू नका, लेप कुठे निघतो, कुठे राहतो आणि कातडं कडक होतं. नंतर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरचा हलका हात, धूळ झटकून परत एकदा अल्कोहोल. कंटाळवाणं आहे, पण दिवसभराच्या कामात अर्धा दिवस यातच गेला पाहिजे.

एअरबॅगची शिवण

अनेक गाड्यांत पुढच्या सीटच्या दाराकडच्या बाजूला ‘एअरबॅग’ लिहिलेला छोटा टॅग असतो. तिथली शिवण अपघातात फाटावी अशीच शिवलेली असते. तिच्यावर फिलर (भेगा बुजवायची लुगदी), गोंद किंवा जाड रंग अजिबात नको. उसवली असेल तर घरी टाका घालू नका. सीट काढायचा मोहही टाळा. पुढे-मागे सरकवून मास्किंग टेप लावली की काम होतं. काढायचीच असेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून मॅन्युअलमध्ये दिलाय तितका वेळ थांबा. सीटखालचा वायरचा कनेक्टर सुटा असताना चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा पेटतो आणि मग तो घालवायला स्कॅनरवाल्याकडे फेरी.

भेगा, शेड आणि जाड हात

भेगेत एमसील किंवा फेविक्विक भरलं की ते दगड होतं, आणि माणूस बसला की शेजारी नवी भेग पडते. लेदरचा लवचीक फिलर घ्या, पातळ थरांत भरा, प्रत्येक थर वाळू द्या. आरपार फाटलं असेल तर आतून कापडाचा तुकडा चिकटवल्याशिवाय फिलर धरत नाही.

शेड जुळवताना हेडरेस्टखालची किंवा खाचेतली, उन्हापासून वाचलेली जागा आधी पुसून घ्या. बेज सीट असेल तर न पुसता जुळवलेली शेड मळाशी जुळते! लेदरसाठीचे पाण्यातले रंग ओले असताना फिके दिसतात. लपलेल्या जागी ठिपका द्या, वाळवा आणि दिवसाउजेडी बघा. गॅरेजच्या ट्यूबलाइटवर विश्वास ठेवू नका.

रंग एका हातात झाकायला जाऊ नका. पहिला हात स्पंजने टिपत टिपत द्या, तो डागडागीच दिसणार. असे चार-पाच पातळ हात, मध्ये हेअर ड्रायर. छिद्रांच्या सीटवर स्पंज जवळजवळ कोरडा ठेवा, नाहीतर छिद्रं बुजतात. रंग चिकटच राहत असेल तर थर जाड झालाय किंवा हवा दमट आहे. जुलैत हे काम काढूच नका. मे महिन्यात उलटी तऱ्हा: उन्हात तापलेल्या सीटवर स्प्रे मारला तर रंग हवेतच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. गाडी सावलीत घ्या.

रंग कपड्यांना लागतोय? मग टॉपकोट राहिला असेल, किंवा रंगाऐवजी बुटाचं पॉलिश वापरलं असेल. पॉलिशचं मेण कधीच पक्कं होत नाही. टॉपकोट मॅट किंवा सॅटिन घ्या, चकचकीत घेतला तर लेदर प्लॅस्टिक दिसतं. स्टिअरिंगला हाताचा घाम लागतो, म्हणून तिथे टॉपकोटचा एक हात जास्त. वर चकाकीसाठी सिलिकॉन स्प्रे मात्र नाही, वळणावर हात घसरतो.

हाताला कोरडं लागणं वेगळं आणि पक्कं होणं वेगळं. किमान दोन दिवस सीटवर बसू नका, आठवडाभर ओलं फडकं लावू नका. आणि फिक्या सीटवर न धुतलेली नवी जीन्स घालून बसणाऱ्या मित्राला काही दिवस मागे बसवा.