माल्कमला ऑप्शनला टाकू नका

एमए इंग्लिशला शेक्सपिअरचं मॅकबेथ नाटक असेल तर चौथ्या अंकाचा तिसरा प्रवेश ऑप्शनला टाकू नका, मी टाकलेला. लांबलचक आहे, चेटकिणी नाहीत, माणसं इंग्लंडात उभी राहून नुसती बोलतात, म्हटलं कोण विचारणार. तर नेमकं तेच आलं, राजपुत्र माल्कमचं देशासाठीचं दुःख. मी लिहिलं की मातृभूमी आठवते म्हणून तो रडतो. १० पैकी ३.

गाईड उघडायच्या आधी दुसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश वाचा. स्कॉटलंडच्या डंकन राजाचा खून नुकताच कळलाय, सगळे हळहळतायत आणि त्याची पोरं मात्र बाजूला कुजबुजतायत. डोनलबेन म्हणतो, आपले अश्रू अजून तयारच झाले नाहीत. माल्कम म्हणतो, न वाटणारं दुःख दाखवणं खोट्या माणसाला सोपं जातं. मग एक इंग्लंडला पळतो, एक आयर्लंडला.

आणि तोच माल्कम इंग्लंडात, स्कॉटलंडहून आलेल्या सरदार मॅकडफला पहिल्याच वाक्यात म्हणतो, चल, कुठेतरी एकांतात बसून पोटभर रडू! खरं रडू की चाचपणी? मला विचाराल तर दोन्ही. देशाला रोज नवी जखम होतेय हे तो मनापासूनच बोलतो, पण डंकनला मारून गादीवर बसलेल्या मॅकबेथने त्याला जाळ्यात ओढायला आधीही माणसं पाठवलीत आणि हा मॅकडफ बायकापोरं मागे टाकून आलाय, मग संशय येणारच ना. म्हणून तो स्वतःचीच बदनामी करतो, मी बाईलवेडा, मी हावरट. मॅकडफ हे चक्क चालवून घेतो (मला जाम राग आलेला), पण माझ्यात एकही सद्गुण नाही म्हटल्यावर फुटतो, राज्य करायचं तर सोडच, तू जगायच्याही लायकीचा नाहीस. तेव्हा कुठे माल्कम सांगतो की इंग्लंडचा सेनानी सिवर्ड १०,००० माणसं घेऊन निघालाय.

पुढे रॉस हा स्कॉटिश सरदार येतो, मॅकडफला आधी बायकापोरं बरी आहेत म्हणतो, मग खरं सांगतो, मॅकबेथने त्यांना मारून टाकलंय. मॅकडफ टोपी डोळ्यांवर ओढतो. १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या छापील संग्रहात, तशी सूचना नाहीये, ते कळतं माल्कमच्या बोलण्यातून, टोपी ओढू नकोस, दुःखाला शब्द दे. म्हणून हा प्रवेश मोठ्याने वाचा, शक्यतो दोघांनी.

आम्ही हॉस्टेलवर वाचला. माल्कमने मर्दासारखा सामना कर म्हटल्यावर मॅकडफ म्हणतो, करीन, पण मर्दासारखं ते जाणवायलाही हवं. त्यावर माझा माल्कम लगेच तलवारीला धार, दुःखाचा राग कर वगैरे. रूममेटने पुस्तक खाली ठेवलं, "अगं, मगाशी यालाच रडायचं होतं ना?"