टिळकांचा अग्रलेख उद्धृत करण्याआधी

टिळकांच्या संपादकीय कारकिर्दीवर लिहिताना एक शिस्त पाळा. वाक्य उतरवण्याआधी अंकाची तारीख लिहा आणि तिच्यापुढे त्या वेळचा संपादक. घोळ बहुधा इथेच सापडतो.

'केसरी'चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ चा. संपादक आगरकर; टिळकांकडे इंग्रजी 'मराठा'. ऑक्टोबर १८८७ मध्ये आगरकर बाजूला झाले आणि वर्षभराने त्यांनी 'सुधारक' काढला. त्यामुळे १८८१ ते ८७ मधला बिनसहीचा अग्रलेख टिळकांच्या नावावर सरसकट टाकू नका. १९०८ ते १४ टिळक मंडालेला होते. तेव्हा खाडिलकर आणि न. चिं. केळकर यांनी पत्र सांभाळले.

तारखेची पहिली परीक्षा म्हणजे वार. टिळकांचा 'केसरी' मंगळवारी निघे. दिनदर्शिकेत तारीख गुरुवारी पडली, तर आकडा चुकला आहे किंवा मजकूर दुसऱ्याच पत्रातला आहे असे धरून मूळ अंक काढा. मिती शालिवाहन शकात असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा. मात्र जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या मितीला ७९.

खटले वेगवेगळे ठेवा, कारण सर्वांत जास्त गल्लत त्यांचीच होते. १८८२ चे बर्वे प्रकरण (बर्वे हे कोल्हापूर संस्थानचे कारभारी) अब्रूनुकसानीचे होते, राजद्रोहाचे नव्हे. टिळक आणि आगरकर दोघेही डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' या लेखासाठी टिळकांना १८९७ मध्ये शिक्षा झाली, असे अनेक जण ठोकून देतात. तो लेख ६ जुलैचा; आरोप होता १५ जूनच्या अंकातल्या 'शिवाजीचे उद्गार' ही कविता आणि शिवाजी उत्सवाचा वृत्तांत यांवर. शिक्षा १८ महिन्यांची. १९०८ मध्ये मुख्य पुरावा 'देशाचे दुर्दैव' (१२ मे) आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' (९ जून) यांचा. ज्युरीचा कौल ७ विरुद्ध २, शिक्षा सहा वर्षे काळे पाणी. १९१६ चे प्रकरण भाषणांचे. ते अग्रलेखांच्या यादीत घालू नका.

आता भाषांतराचा सापळा. कोर्टात वाचले गेले ते सरकारी इंग्रजी भाषांतर, आणि त्याने मूळ शब्दांचा अर्थ बिघडवला अशी टिळकांची १९०८ मध्ये तक्रार होती. तेच इंग्रजी पुन्हा मराठीत आणून अवतरणचिन्हांत टाकणे म्हणजे फिर्यादी पक्षाचे शब्द टिळकांच्या तोंडी घालणे. खटल्याचा अहवाल युक्तिवादासाठी वापरा, मराठी वाक्य मात्र अंकातूनच घ्या.

डिजिटल प्रतीत शोधताना आजच्या शुद्धलेखनाने काहीच हाती लागत नाही. तेव्हा 'नाहीं', 'कोठें', 'करणें' असे अनुस्वार सर्रास छापत, म्हणून दोन्ही रूपे टाका. मथळा सापडेना तर अंक चाळा. पुसट स्कॅनमध्ये अनुस्वार आणि काना हमखास गळतात. उतरवताना जुने शुद्धलेखन जसेच्या तसे ठेवा. आधुनिक केलेत, तर तसे शेजारी नोंदवा.

तळटीप चार गोष्टींची: पत्राचे नाव, तारीख, मथळा, पान-रकाना. लेख संग्रहातून घेतला असेल तर पाचवी, संग्रहाचा खंड आणि पान. निवडक लेखांच्या खंडात लेख नाही, यावरून तो टिळकांचा नाहीच असे ठरत नाही.