जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडी टाकताय? निदान या चुका तरी टाळा

कॉलेजं सुरू व्हायच्या सुमारास आणि दिवाळीचे सेल आटोपले की मला ठरलेले मेसेज यायला लागतात, "ताई, एसएसडी टाकली पण लॅपटॉप चालूच होत नाहीये, बघता का जरा?" आणि खाली फोटो. मागचं झाकण उघडं, स्क्रू चादरीवर पसरलेले, शेजारी चहाचा कप. कप तिथे कशाला हवा होता ते मला अजून कळलेलं नाही. असो. दिवसा मी एका ऑफिसचं आयटी सांभाळते आणि उरलेल्या वेळात नातेवाईक, शेजारी, त्यांचे मित्र, मित्रांचे मेव्हणे, सगळ्यांचे लॅपटॉप माझ्याकडे येतात, त्यामुळे तेच तेच घोळ निस्तरून आता वैताग आलाय, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी चिपवाली डिस्क, टाकणं पैसा वसूल आहे यात वादच नाही. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि प्रत्येक फाइलसाठी हेड हलवत बसावं लागतं, एसएसडीत हलणारं काही नसतंच, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचा आय-थ्री सुद्धा एकदम जिवंत होतो. आणि काम अवघड पण नाही हो, फक्त स्क्रू ड्रायव्हर हातात घेणं हे शेवटचं आणि सगळ्यात छोटं काम आहे, आणि आपली उत्साही मंडळी नेमकी तिथूनच सुरुवात करतात.

आत काय बसतं ते न बघता एसएसडी आणणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. जुन्या लॅपटॉपमध्ये साधारण तीन प्रकार सापडतात. अडीच इंची साटा, म्हणजे हार्ड डिस्कच्याच आकाराची. मग एमसाटा, छोटं हिरवं कार्ड, २०११ ते २०१४ च्या आसपासच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये असायचं. आणि त्यानंतर आलेलं एम.२, च्युइंगमच्या पट्टीएवढं. खरा गोंधळ या तिसऱ्यात आहे, कारण एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे. त्याच आकारात साटाची (जुनी, हळू जोडणी) एसएसडी पण मिळते आणि एनव्हीएमई (नवी, वेगवान जोडणी) पण मिळते, आणि तुमच्या लॅपटॉपचा स्लॉट कदाचित दोन्हीपैकी एकच ओळखतो. नुसता आकार बघून घेणं म्हणजे दादरला इंडिकेटर न वाचता समोर आलेल्या गाडीत चढणं.

मैत्रिणीचा भाऊ, मुलुंडचा, इंजिनीअरिंगला. शनिवारी लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेला आणि एक टीबीची एनव्हीएमई घेऊन आला, का तर व्हिडिओत ३५०० एमबी स्पीड दाखवला होता आणि साटावाली ५५० च्या वर जात नाही. लॅपटॉप उघडला, स्लॉट दिसला, एसएसडी छान बसली, स्क्रूही लागला. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी लॅपटॉपची सेटिंग) काहीच नाही. रात्रभर काढ-घाल, काढ-घाल, मग बायोस अपडेट केलं (हे आणखी एक, काही कळेनासं झालं की बायोस अपडेट करायचं, कोण शिकवतं यांना), आणि सकाळी "पीस खराब आहे" म्हणून परत लॅमिंग्टन रोड. दुकानदाराने शांतपणे आपल्या टेस्टिंगच्या मशीनला लावली आणि मिनिटाभरात चालू करून दाखवली. माल उत्तम. सील तुटलेलं, त्यामुळे परत घेणार नाही. मग स्वारी माझ्याकडे. मी त्याच्या लॅपटॉपचं सर्व्हिस मॅन्युअल उघडलं, स्टोरेजच्या पानावर सरळ लिहिलेलं होतं की हा स्लॉट फक्त साटा घेतो. ते पान त्याला घरबसल्या फुकट वाचता आलं असतं.

शेवटी त्या एनव्हीएमईला यूएसबीचं केसिंग (बाहेरून जोडायचा डबा) घेतलं, आता तो ती बाहेरची डिस्क म्हणून वापरतो, आणि लॅपटॉपमध्ये साधी अडीच इंची साटा टाकली. केसिंग घेताना पण वर एनव्हीएमई लिहिलंय का ते बघून घ्या, साटावाल्या एम.२ चं केसिंग वेगळं येतं, नाहीतर पुन्हा तोच खेळ.

माझी पद्धत अशी की आधी खालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर, "एचपीचा आहे" एवढं पुरत नाही, त्यावरून कंपनीच्या साइटवरचं मॅन्युअल, मग झाकण उघडून आतल्या डिस्कच्या लेबलचा मोबाइलवर फोटो, आणि हे सगळं झाल्यावरच दुकान. दुकानदार "चालेल हो ताई, सगळ्याला चालते" म्हणाला तर त्याला मान डोलवा आणि फोटो दाखवा. एम.२ च्या पट्टीला एक खाच म्हणजे बहुतेक एनव्हीएमई आणि दोन खाचा म्हणजे बहुतेक साटा, पण त्यातल्या "बहुतेक"वर पैसे लावू नका. लांबी पण बघा, २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब, काही जुन्या थिंकपॅडच्या स्लॉटमध्ये ४२ मिलिमीटरचीच बसते. २०१३ ते २०१७ मधल्या मॅकबुक एअरला तर ॲपलचा स्वतःचाच वेगळा कनेक्टर आहे, त्याला ॲडॅप्टर लागतो आणि त्याआधी मॅकओएस हाय सिएरा किंवा त्यापुढचं टाकलेलं असावं लागतं.

आणि जेन-फोरची, म्हणजे पुढच्या पिढीची, महागडी एसएसडी आधीच्या जेन-थ्रीच्या स्लॉटमध्ये टाकली तर चालते, पण जेन-थ्रीच्याच वेगाने. वरचे पैसे पाण्यात.

मरायला टेकलेली हार्ड डिस्क तशीच क्लोनला लावणं

लॅपटॉप स्लो झाला म्हणून एसएसडी टाकायला निघालात ना? मग तो स्लो का झाला हे कुणी बघायचं? बऱ्याच वेळा विंडोजचा दोष नसतो, डिस्कच शेवटच्या घटका मोजत असते, आणि क्लोनिंग, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवणं, याचा अर्थ त्या डिस्कला पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत एका दमात पळायला लावणं.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांचं हेच झालं. लॅपटॉप चालू व्हायला दहा मिनिटं घ्यायचा आणि कान लावला तर बारीक टक, टक, थोडं थांबून परत टक. पुतण्याने एसएसडी आणली, फुकटातलं क्लोनिंग सॉफ्टवेअर उतरवलं, बटण दाबलं आणि झोपला. सकाळी टक्केवारी जिथे अडकली होती तिथेच होती. त्याने केबल हलवून बघितली, मग रागाने बंद करून पुन्हा पहिल्यापासून क्लोन लावला. दुसऱ्यांदा डिस्क दिसायचीच बंद झाली. त्यात काकांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो, सोसायटीचे हिशोब, सगळं. बॅकअप? "अरे तो क्लोन म्हणजेच बॅकअप ना!" असं पुतण्या मला म्हणाला. मी काही बोलले नाही, काकू समोर होत्या.

माझ्याकडे आल्यावर ती डिस्क थंड असताना कधी दिसायची, कधी नाही. लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप चालू करून डीडीरेस्क्यू लावलं. हे टूल आधी डिस्कचा धडधाकट भाग वाचून घेतं, खराब जागा सोडून पुढे जातं आणि त्यांच्याकडे नंतर परत येतं, शिवाय कुठपर्यंत वाचलं त्याची नोंद ठेवतं, म्हणजे मध्ये डिस्क रुसली तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं. हिशोब सगळे मिळाले. लग्नाचे फोटो बरेचसे मिळाले, पण हळदीचा अख्खा फोल्डर गेला. काही फोटो उघडतात पण अर्ध्याखाली नुसता करडा पट्टा.

म्हणून सगळ्यात आधी क्रिस्टलडिस्कइन्फो, म्हणजे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर, उघडून बघा, फुकट आहे. पिवळ्या रंगात कॉशन दिसलं, किंवा खराब जागा मोजणाऱ्या ०५ आणि सी५ या ओळींच्या शेवटच्या रकान्यात शून्याशिवाय काही असलं, तर क्लोनचं नाव काढू नका. आधी महत्त्वाचे फोल्डर हाताने दुसरीकडे कॉपी करा, जे गेलं तर रडू येईल ते सगळ्यात आधी. टकटक आवाज येत असेल आणि डेटा खरंच मोलाचा असेल तर ते पण करू नका, बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या, महाग पडतं पण प्रत्येक वेळी चालू केली की परत मिळायची शक्यता कमी होते.

खरं सांगायचं तर मी डिस्क चांगली असली तरी शक्यतो क्लोन करतच नाही. आठ वर्षांचा कचरा, तीन अँटिव्हायरस आणि कुठलेसे टूलबार नव्या घरात न्यायचे कशाला? फाइल्स बाहेर काढायच्या, विंडोज नवं टाकायचं. यावर लोक घाबरतात की लायसन्स जाईल. विंडोज १० आधी ॲक्टिव्हेट असेल तर तेच एडिशन टाकून नेट लावलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं, कारण ते लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं, डिस्कशी नाही. त्याचे वेगळे पैसे कुणी मागितले तर देऊ नका.

बिटलॉकरची की हाताशी नसणं

बिटलॉकर म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, आणि की म्हणजे त्याची किल्ली. "मी कधी लावलंच नाही" असं शंभरातले नव्वद म्हणतात. अहो, तुम्ही लावायची गरजच नाही, बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे हेच कुलूप, आपसूक सुरू होतं. मग बायोसमध्ये काहीतरी बदललं किंवा जुनी डिस्क केसिंगमध्ये टाकून दुसरीकडे लावली की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, पण अकाउंट कुठलं? जे लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानातल्या पोराने बनवून दिलं होतं, आणि त्याचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही. आधी की शोधा, कागदावर लिहा, मग बिटलॉकर बंद करून पूर्ण डिक्रिप्ट होऊ द्या. वेळ लागतो. लागू दे.

उघडताना होणारे घोळ

बॅटरी न काढता आत हात घालणं. चार्जर काढला म्हणजे करंट गेला असं नसतं, बॅटरी आत असेल तर तिचा कनेक्टर आधी सोडवा. लोक अँटी-स्टॅटिक पट्ट्याबद्दल (अंगावरच्या स्थिर विजेचा झटका चिपला बसू नये म्हणून मनगटाला बांधतात तो) तासभर विचारतात आणि बॅटरी तशीच ठेवतात. मुंबईच्या दमट हवेत स्टॅटिकचा त्रास तसा कमीच, एखाद्या अर्थिंग असलेल्या धातूला हात लावून कामाला बसलात तरी माझ्या मते पुरतं.

स्क्रू. वर्सोवा, माहीम, वरळी, समुद्राजवळच्या घरातले लॅपटॉप आले की मी आधी स्क्रूच बघते, खाऱ्या हवेने गंजलेले असतात. चुकीच्या मापाचा स्क्रू ड्रायव्हर लावून नुसता फिरवला की डोकं गोल झालंच म्हणून समजा. माप बरोबर घ्या, आधी दाब द्या, मग फिरवा. आणि कुठला स्क्रू कुठला ते कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून त्यावर सेलोटेपने चिकटवा, सगळे एकाच वाटीत टाकू नका, कारण लांब स्क्रू आखूड जागी घुसवला की कीबोर्डच्या बाजूला टेंगूळ येतं.

सगळे स्क्रू निघाले तरी झाकण येत नसेल तर एखादा रबरी पायाखाली लपलेला असतो. सुरी घालून उचकटू नका. जुनं एटीएम कार्ड वापरा. आणि झाकणाला किंवा कीबोर्डला पट्टीची केबल असेल तर खटका उघडून मगच ओढा.

एम.२ तिरकी सरकवायची, मग दाबून स्क्रू लावायचा. आडवी घुसवायला जाऊ नका.

अडीच इंची एसएसडी ७ मिलिमीटर जाड असते, बऱ्याच जुन्या लॅपटॉपमधली डिस्क ९.५. खुळखुळत असेल तर प्लॅस्टिकची स्पेसर फ्रेम लावा. थर्माकोल नको, आतमध्ये आधीच गरम असतं.

"डिस्क दिसतच नाही"

दुसरी डिस्क म्हणून लावली आणि माय कॉम्प्युटरमध्ये दिसत नाही? नवी कोरी आहे, डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन इनिशियलाइझ करा. हे न करता लोक दुकानात भांडायला जातात.

क्लोन झाल्यावर दोन्ही डिस्क लावून बूट करू नका, दोघींची ओळख एकच असते आणि विंडोज एकीला ऑफलाइन टाकतं. पहिल्यांदा फक्त नवीनच लावा.

आणि व्हिडिओत सांगितलं म्हणून बायोसमध्ये डिस्कशी बोलायची पद्धत 'रेड'वरून 'एएचसीआय' करू नका. चालू विंडोज त्याच क्षणी निळी स्क्रीन दाखवतं, "इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस". केलं असेल तर होतं तसं परत करा, विंडोज उठेल. बदलायचंच असेल तर आधी विंडोजच्या एमएसकॉन्फिग टूलमधून सेफ बूट लावा, मग बायोस बदला, एकदा सेफ मोडमध्ये चालू करा आणि मग सेफ बूट काढा.

बाकीचं पटापट

डीफ्रॅग (विखुरलेल्या फाइल्स सलग लावणं): एसएसडीला नको, विंडोजचं ऑप्टिमाइझ ट्रिम करतं (कुठल्या जागा रिकाम्या झाल्या ते एसएसडीला सांगतं), तेवढं पुरे.

स्वस्तात १६ टीबी: नाही मिळत. आत मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं. अनोळखी ब्रँड घेतलाच तर एचटूटेस्टडब्ल्यू नावाच्या टूलने पूर्ण भरून तपासा.

विंडोज ११: एसएसडी टाकली म्हणून चालेल असं नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी जनरेशन किंवा पुढची लागते. त्याहून जुना असेल तर मी सरळ लिनक्स मिंट टाकते, काकांना पण तेच टाकून दिलं, बँकेची वेबसाइट आणि नातवाचे व्हिडिओ नीट चालतात.

जुनी डिस्क: काढल्या दिवशी फॉरमॅट करू नका, महिनाभर कपाटात ठेवा, ई-मेलची एखादी फाइल किंवा अकाउंटिंगचा डेटा राहिलाय हे पंधरा दिवसांनीच आठवतं. नंतर विकायची असेल तर क्विक फॉरमॅटने डेटा पुसला जात नाही, क्विकची टिक काढून पूर्ण फॉरमॅट करा. काही तास जातील, रात्री लावून ठेवा.